कार्डावर न छापलेलं आडनाव

सुरतच्या कापड मार्केटमध्ये एखादा अनोळखी व्यापारी 'केम छो बेन, मजामां?' असं विचारतो, तेव्हा त्याला तुमच्या तब्येतीशी काही देणंघेणं नसतं. तो पुढच्या प्रश्नाआधी घसा साफ करत असतो. पुढचा प्रश्न, 'शुं नाम?' नाव सांगितलं की, 'आखुं नाम?' म्हणजे पूर्ण नाव. एवढं होऊनही तुम्ही वडिलांच्या नावापाशी थांबलात तर तो हसून, अगदी मायेने विचारतो, 'एम नहीं, अटक?' अटक म्हणजे आडनाव. हे सगळं चहा येण्याआधी उरकतं. चहा आला की तुमच्याशी कसं वागायचं ते त्याचं ठरलेलं असतं.

मला हे उशिरा कळलं, कारण नमस्काराच्या बाबतीत मी लहानपणापासून चोरटी आहे. आम्ही सुरतच्याच डिंडोली भागात राहतो. घरी कोणी काका-मामा आले की 'जय भीम' म्हणायचं. जिन्यात शेजारच्या गुजराती बा भेटल्या की त्या 'जय श्री कृष्ण' म्हणायच्या. इंग्रजी शाळेत सगळ्या वर्गाने एका सुरात 'गुड मॉर्निंग, मिस' म्हणायचं असे. त्यात माझा आवाज निघाला नाही तरी कोणाला समजायचं नाही, म्हणून मला तो नमस्कार सगळ्यात आवडायचा. बाकी ठिकाणी मी नुसती हसायचे आणि मान हलवायचे. लोक म्हणायचे, पोरगी लाजाळू आहे. मी लाजाळू आहेच. पण ते पूर्ण खरं नव्हतं. तोंड उघडलं की काहीतरी ठरून जातं, आणि हसलं की काहीच ठरत नाही, एवढं मला सातवी-आठवीतच समजलं होतं.

बी. कॉम. झाल्यावर मला पर्वत पाटियाच्या पुढे एका मार्केटमध्ये, साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या एका पेढीत नोकरी लागली. पेढी जुनी, बापलेकांची. थोरले शेठ आता फक्त सकाळी पूजेपुरते यायचे. कारभार छोट्या शेठकडे होता, आणि ते परदेशातून एम. बी. ए. करून आले होते. मुलाखतीत त्यांनी माझ्या अर्जाकडे एकदा, माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि इंग्रजीत एक ईमेल लिहायला लावला. डर्बनच्या एका पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, माल उशिरा पोहोचणार होता, तिची माफी मागायची होती. माफी मागणं मला शाळेने उत्तम शिकवलं होतं. शेठ खूश झाले. म्हणाले, "आमच्याकडे सगळे फर्स्ट नेमने बोलवतात. फॅमिलीसारखं वातावरण आहे. सर-मॅडम असलं काही ठेवलं नाही."

मला ते केवढं आवडलं होतं! मला वाटलं, हेच ते मोठ्या जगातलं वागणं, जिथे माणसाचं पुस्तक पहिल्या पानावरच बंद करत नाहीत. मी तरी त्यांना 'सर'च म्हणत राहिले. त्यांनी कधी नको म्हटलं नाही.

ऑफिसात तीन माणसांशी माझा रोजचा संबंध. छोटे शेठ. दुसरे मेहताजी, म्हणजे जुने हिशेबनीस, जे हिशेबापेक्षा माणसं जास्त सांभाळायचे. तिसरा सेल्समन, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, सौराष्ट्राकडचा, बोलायला चुणचुणीत. मला तो 'मिस इंग्लंड' म्हणायचा. "मिस इंग्लंड, तुमचा 'काइंडली' संपला असेल तर स्टेपलर द्या." मी हसायचे. इथेही हसणंच.

पहिल्या आठवड्यात मेहताजींनी मला फोनवर कसं बोलायचं ते शिकवलं. "हॅलो म्हणायचं नाही," ते म्हणाले. "हॅलो तो वीजळीवाळाने कहेवाय. पार्टी जोईने बोलवानुं." म्हणजे हॅलो वीज कंपनीवाल्यांना; पार्टीला मात्र फोनवर कोणाचं नाव दिसतंय ते बघून नमस्कार निवडायचा. अमुक शेठला जय जिनेंद्र. तमुक मारवाडी पार्टीला राम राम सा. राजकोटवाल्यांना जय श्री कृष्ण. लुधियानाच्या सरदारजींना सत श्री अकाल, आणि तेही जोरात, कारण त्यांना कमी ऐकू येतं. हैदराबादच्या मोठ्या मियांना सलाम. मदुराईच्या अण्णांना वणक्कम, ते खूश होऊन हिंदी बोलायला लागतात. मेहताजींना हे दीडदोनशे पार्ट्यांचं तोंडपाठ होतं. मी त्याची यादी करून, टाइप करून फोनच्या वर चिकटवली. छोट्या शेठनी ती पाहून "वॉव, सुपर्ब" म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी मेहताजींनी सहज विचारलं, "अने तमारे घरे शुं बोलो, बेन?"

मी म्हटलं, "नमस्ते."

एवढंच. कोणी धमकावलं नव्हतं. कोणी हात पिरगाळला नव्हता. समोर चष्मा पुसत बसलेला साठीचा माणूस, आणि भिंतीवर मी स्वतः चिकटवलेली यादी, ज्यात हिंदुस्थानातल्या झाडून सगळ्या नमस्कारांना जागा होती. आमच्या घरातल्या नमस्काराला मी स्वतः जागा दिली नाही. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो मेहताजींवर काढता येत नाही.

ऑफिसात आडनावाचा विषय निघत नव्हता, कारण अर्ज शेठनी एकट्यांनी पाहिला होता आणि पगाराचे कागद मेहताजींकडे असायचे. आमचं आडनाव मराठी माणसाने ऐकलं की त्याला लगेच कळतं. गुजराती माणसाला एक प्रश्न जास्त विचारावा लागतो, एवढाच फरक.

दिवाळीनंतर शहरात कापडाचं तीन दिवसांचं मोठं प्रदर्शन होतं. परदेशातल्या पार्ट्या येणार होत्या, ज्यांच्याशी मी सात महिने ईमेलवर बोलत होते. आमचा स्टॉल ठरला. स्टॉलवर छोटे शेठ, सेल्समन आणि मी. महिनाभर आधी छोट्या शेठनी आम्हाला शिष्टाचाराचं शिक्षण दिलं. हस्तांदोलन करताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, जमिनीकडे नाही. हात मेलेल्या माशासारखा द्यायचा नाही. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, नाव समोरच्याला वाचता येईल असं. त्यांचं कार्ड घेतलं की लगेच खिशात कोंबायचं नाही, आधी वाचायचं, आणि त्यांच्या नावाने त्यांना हाक मारायची. "नाव म्हणजे रिस्पेक्ट," शेठ म्हणाले. "माणसाला आपल्या नावाहून गोड शब्द नाही." सेल्समन माझ्या कानाशी म्हणाला, "यांना पण हॅलो म्हणायचं नाही वाटतं, नुसतं मासा मासा करायचं."

मग शेठनी विचारलं, "कार्डावर तुझं नाव कसं टाकू?"

मी म्हटलं, "जसं तुम्हाला योग्य वाटेल तसं, सर."

असं का म्हटलं ते मला माहीत आहे. शाळेत बारा वर्षं आम्हाला शिकवलं होतं की चांगल्या मुली मागत नाहीत. विचारलं की म्हणायचं, एनीथिंग इज फाइन. त्या एनीथिंग इज फाइनने माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं कोणत्याही दुश्मनाने केलेलं नाही.

कार्डं आली. जाड, क्रीम रंगाची, कडेला सोनेरी रेघ. माझ्या नावाची पहिलीच. पाचशेचा डबा. शेठच्या कार्डावर त्यांचं आडनाव नावापेक्षा मोठ्या अक्षरात, कारण पेढीचं नाव तेच. सेल्समनच्या कार्डावर त्याचं नाव आणि आडनाव. माझ्या कार्डावर नुसतं माझं नाव, मधोमध, आणि खाली 'ओव्हरसीज रिलेशन्स'.

मला वाटलं छापताना राहिलं. मी डबा घेऊन मेहताजींकडे गेले. म्हटलं, "काका, प्रेसवाल्याने चूक केलीय. आडनाव गाळलंय."

मेहताजींनी कार्ड हातात घेतलं नाही. डब्याचं झाकण नीट लावलं आणि म्हणाले, "भूल नथी, बेन."



"शेठनी बघूनच दिलं होतं," ते हळू आवाजात हिंदी-गुजरातीत म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. आपल्याला काय, आपण मानत नाही. मी तुमच्या हातचा चहा पितो की नाही? पण पार्ट्या जुन्या वळणाच्या असतात. मागे मुंबईहून ते दोघे भाऊ आले होते, त्यांनी तुमचं पूर्ण नाव विचारलं, मी टाळलं. विचारतात बेन, लोक विचारतात. मग उगीच तुम्हालाच ऐकावं लागतं. तुमच्या भल्यासाठीच केलंय."

त्यांचा चेहरा खरोखर कळवळलेला होता. मला त्या कळवळ्याचीच चीड आली. माझ्या पाठीमागे हे लोक माझं नाव टाळत होते, माझ्यासाठी, मला न विचारता. आणि त्या चहाचा हिशेब ते सात महिने मनात ठेवून होते. मला वाटायचं, काका माझ्या हातचा चहा पितात, बस. ते मात्र प्रत्येक घोट मोजून पीत होते, स्वतःच्या चांगुलपणात जमा करत.

मी छोट्या शेठच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी हसून कार्ड कसं वाटलं विचारलं. मी विचारलं, "सर, आडनाव?"

"पर्सनली घेऊ नकोस हं," ते म्हणाले. "ब्रँडिंग आहे. एकच नाव लक्षात राहतं. इंटरनॅशनल वाटतं. आडनाव लांब होतं, कार्ड भरून जातं."

आमच्या आडनावाची इंग्रजी अक्षरं त्यांच्यापेक्षा दोनने कमी आहेत. मी तिथे उभ्या उभ्या मोजली. ओठांवर आलं होतं, सर, मग तुमच्या कार्डावर का नाही एकच नाव. पण मी म्हणाले, "ओके सर. थँक यू."

थँक यू! मी आभार मानून बाहेर आले. दार हळू लावलं, आवाज न करता, शिकवल्याप्रमाणे.

संध्याकाळी पप्पांनी कार्ड मागितलं. पप्पा सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या खात्यात आहेत. त्यांच्या नखांच्या कडा बारा महिने कुठल्यातरी रंगाच्या असतात, त्या दिवशी हिरव्या होत्या. त्यांनी हात धुऊन, पुसून कार्ड घेतलं, फक्त कडांना धरून. वाचलं. मग उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. पुन्हा पुढे पाहिलं.

"बाकीचं मागं छापायचं राहिलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "इंग्रजी कार्डात असंच असतं पप्पा. फर्स्ट नेम."

 मम्मीने भाकरी थापता थापता मान वळवून पाहिलं. "बापनं नाव कथं गयं वं पोरी?" ती म्हणाली. बापाचं नाव कुठे गेलं. घरी ती अहिराणीच बोलते, आणि अहिराणीत तिला टाळता येत नाही. मी म्हटलं, "मम्मी, तुला नाही कळणार ऑफिसचं." हेही मी म्हटलं. त्या दिवशी मी ज्यांना ज्यांना बोलायला हवं होतं त्यांना थँक यू म्हटलं आणि जिला बोलायला नको होतं तिला बोलले.

जेवताना पप्पांनी एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. माझ्या शाळेच्या प्रवेशाच्या वेळी फॉर्म भरून घेणाऱ्या कारकुनाने त्यांना बाजूला घेतलं होतं. मराठीच होता, जळगावकडचा. म्हणाला होता, "दादा, मुलीच्या नावापुढं गावाचं नाव लावा. अमुकवाला, तमुककर, काही पण. खूप जण लावतात. मुलीला पुढं सोपं जाईल. आता फॉर्म कोरा आहे, नंतर बदलायला कोर्टाच्या चकरा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, जे हाय ते लिवा." पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तो म्हणला, विचार करून उद्या या. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पुन्हा गेलो. पुन्हा तेच सांगितलं. त्यानं स्पेलिंग चुकवलं, मग तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तीन खाडे झाले. मुकादम म्हणला, शाळेत तू जाणार का पोरगी?" ते हसले. त्यांनी कार्डाबद्दल त्यानंतर एक शब्द काढला नाही. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी कार्डं तशीच वाटली. दोन्ही हातांनी, नाव समोरच्याला वाचता येईल असं. ज्यांनी आडनाव विचारलं त्यांच्याकडे बघून हसले. दुपारी डर्बनची पार्टी आली, तीच, जिची मी मुलाखतीच्या दिवशी माफी मागितली होती. साठीच्या गुजराती बाई, पांढरे कापलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "ईमेलमधली मुलगी तू!" मग कार्ड चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "अँड युवर सरनेम, बेटा?"

त्यांच्या आवाजात मला काही खोट जाणवली नाही. कदाचित त्यांना पाकिटावर लिहायचं असेल. कदाचित त्याही तेच शोधत असतील. चेहऱ्यावरून हे कधीच कळत नाही, हीच तर या प्रश्नाची खुबी आहे. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात छोटे शेठ मध्ये आले, माझ्या खांद्याच्या वर हवेत हात धरून, खांद्याला न लावता, आणि म्हणाले, "आ तो अमारा घरनां ज छे, आंटी."

ही तर आमच्या घरातलीच आहे.

बाई "हाउ स्वीट" म्हणाल्या. शेठ त्यांना ऑर्गन्झाच्या साड्या दाखवायला घेऊन गेले.

मी तिथे उभी राहिले आणि माझे कान इतके तापले की मला वाटलं बाजूच्या स्टॉलवाल्याला दिसत असेल. घरातली! ज्या घराचा उंबरा मी दिवाळीच्या मिठाईला बाहेरूनच पाहिला होता. माझं आडनाव नुसतं गाळून त्यांचं भागलं नव्हतं. त्या रिकाम्या जागेवर त्यांनी स्वतःचं ठेवलं, परक्या बाईसमोर, एवढ्या सहज, की तेही मोठेपणाचं वाटावं. माझ्या बापाने तीन खाडे करून जे लिहून घेतलं होतं, ते या माणसाने एका गोड वाक्यात पुसलं, आणि वर माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, वाचवलं ना तुला, असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येताना काळं पेन घेतलं, बारीक टोकाचं.

पहिली पार्टी नागपूरची होती. मी डब्यातून कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं, नावाच्या उजवीकडे मोकळ्या जागेत मोठ्या इंग्रजी अक्षरांत आडनाव लिहिलं. जाड कागदावर शाई लगेच वाळत नाही. मी फुंकर मारली. मग दोन्ही हातांनी कार्ड दिलं. त्या माणसाने वाचलं, खिशात ठेवलं आणि साड्यांवर सूट किती देता ते विचारलं. काहीच झालं नाही. मला जवळजवळ फसवल्यासारखं वाटलं. एवढीशी गोष्ट होती तर सात महिने मी कशाला घाबरत होते?

पण मग पाचवा की सहावा माणूस आला, अहमदाबादचा, सफारी सूट. त्याने मला लिहिताना पाहिलं. कार्ड घेऊन वाचलं. "मराठी?"

"हो."

"मराठीमां केवा?" मराठीत कोणत्या.

सेल्समन शेजारी ताग्यांची घडी घालत होता. त्याचा हात थांबल्याचं मला न बघता कळलं.

मी म्हटलं, "बौद्ध."

घराबाहेर, कामाच्या जागी, हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारत होते. आवाज माझ्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा निघाला, वर्गातल्या एखाद्या उत्तरासारखा. सफारी सूटवाला "सारुं, सारुं" म्हणाला. अगदी सभ्यपणे. त्याने दोन डिझाइनं पाहिली, तिसरं मागवलं, ते येईपर्यंत फोनवर बोलला आणि निघाला. जाताना माझं कार्ड त्याने साड्यांच्या थप्पीवर ठेवलं, उलटं. तिथून पंचवीस पावलांवर कचऱ्याचा डबा होता, तिथेही टाकता आलं असतं. पण त्याला ते मला दिसायला हवं होतं.

मी कार्ड उचलून पुढच्या माणसाला दिलं. कशाला वाया घालवायचं?

दुपारी छोट्या शेठच्या लक्षात आलं. त्यांनी मला स्टॉलच्या मागे, पडद्याआड बोलावलं. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, कारण पडदा पातळ होता.

"ये क्या चल रहा है? कार्डावर पेनने लिहितात का कोणी? किती अनप्रोफेशनल दिसतं माहितीय? आपण आधीच बोललो होतो, फर्स्ट इम्प्रेशन. इतनी बॅड मॅनर्स मैंने किसी स्टॉल पे नहीं देखी."

मी पेनला टोपण लावलं.   मी म्हटलं, "सर, तो फिर छपवा दीजिए."

"क्या?"

"आडनाव. छापून द्या. मग मी लिहिणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू स्टेपलर बोलला. मग पडद्याबाहेर कोणीतरी 'जय जिनेंद्र' म्हटलं आणि त्यांना जावं लागलं. मी परत टेबलाशी आले आणि पुढच्या कार्डावर लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तसंच दिलं.

डर्बनच्या बाई तिसऱ्या दिवशी ऑर्डर पक्की करायला आल्या. मी त्यांना नवं कार्ड दिलं, म्हटलं, "मॅम, परवा अर्धंच दिलं होतं. अँड आय ॲम नॉट फ्रॉम सर्ज फॅमिली." त्यांनी कार्डाकडे, मग शेठकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "आय सी," म्हणाल्या. कार्ड पर्समध्ये ठेवलं. पुढे विचारलं नाही. त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही आणि आता मला ते शोधायचंही नाही.

मला वाटलं होतं, मला काढतील. पप्पांना तसं सांगूनही ठेवलं होतं. पप्पा म्हणाले होते, "काढलं तर काढलं. लिवलं ना?" पण काढलं नाही, कारण परदेशातल्या सगळ्या पार्ट्यांचा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. दहा दिवसांनी छोट्या शेठनी सेल्समनला आणि मला केबिनमध्ये बोलावलं आणि नव्या कार्डांचे डबे पुढे केले. तोच कागद, तीच सोनेरी रेघ. माझ्या कार्डावर मधोमध 'ओव्हरसीज डेस्क', सेल्समनच्या कार्डावर 'डोमेस्टिक डेस्क'. खाली ऑफिसचा नंबर. नाव नाही. कोणाचंच नाही, फक्त त्यांच्या स्वतःच्या कार्डावर होतं तसंच राहिलं.

"आता सगळे सारखे," शेठ म्हणाले. "बाहेरच्या मोठ्या कंपन्यांत असंच असतं. कोणाची तक्रार नको."

मी आडनाव मागितलं होतं. त्यांनी उत्तर म्हणून नावच काढून घेतलं, दोघांचं, आणि त्याला समानता म्हटलं. मी या वेळी थँक यू म्हटलं नाही. डबा उचलला आणि बाहेर आले.

सेल्समन माझ्या मागोमाग आला. डबा त्याने टेबलावर आपटला. "खूश?" तो म्हणाला. "तमारा लीधे मारुंय नाम गयुं. नऊ वर्षं मार्केटमध्ये आहे मी. माझ्या बापाला कार्ड दाखवलं होतं. आता काय दाखवू, डोमेस्टिक डेस्क? मी काय टेबल आहे?"

"माझ्यामुळे नाही," मी म्हटलं. "त्यांच्यामुळे."

"तुम्ही गप्प बसला असता तर—"

"तुमचं नाव पूर्ण छापलं होतं, माझं अर्धं, तेव्हा तुम्ही गप्प बसलात. मला 'मिस इंग्लंड' म्हणालात." माझा आवाज पुन्हा मोठा निघाला होता. मेहताजींनी चष्म्यावरून बघितलं आणि वहीत मान घातली. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

त्याने आपल्या डब्याचं झाकण लावलं. "बधाने खबर हती," तो म्हणाला. सगळ्यांना माहीत होतं.

  मी खुर्चीवर बसले, डबा उघडला. मधली ओळ सोडली तर कार्ड बरंच कोरं होतं. मी पेन काढलं आणि वरच्या मोकळ्या जागेत लिहायला सुरुवात केली: माझं नाव, पप्पांचं नाव, आडनाव. यादी करताना करते तशी, एकाखाली एक, न थांबता. पंधरा-वीस कार्डं झाली असतील. बाहेर दोन पार्ट्या बसल्या होत्या, त्यांना कार्ड द्यायचं होतं.

सेल्समन टेबलाच्या पलीकडे उभाच होता. त्याने एकदा केबिनच्या काचेकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"पेन आपजो," तो म्हणाला. त्याचा राग गेलेला नव्हता. माझाही नाही. मी हातातलं कार्ड लिहून पूर्ण केलं, वाळू दिलं, आणि मग पेन दिलं.